आतली जाळी

जुन्या मोटारसायकलचा सायलेंसर हा तिचा सगळ्यात आधी जाणारा भाग. फ्रेमला सहसा काही होत नाही, इंजिन दोन-तीनदा बोअर करून पुन्हा उभं राहतं. पण पुढचा बेंड पाइप आणि त्याच्या मागचा सायलेंसर यांचं आयुष्य थोडं. म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या गाडीखाली कारखान्यातून आलेली जोडी क्वचितच सापडते. आणि मालकाला नेमकी तीच मूळची हवी असते, कारण गाडीचा आवाज तिथून निघतो. वडिलांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळायचं, असं सांगणारी माणसं माझ्याकडे सारखी येतात. त्यांना रंग थोडा वेगळा चालतो, सीट दुसरं चालतं. आवाज दुसरा चालत नाही.

समोर आलेली नळी, म्हणजे सायलेंसर किंवा बेंड पाइप, मूळची आहे का, कुठल्या गाडीची, कुठल्या काळातली, हे सांगणं हे माझं काम. दुरुस्त होत असेल तर करायची, नसेल तर तिच्या मापाने नवी घडवायची, हा त्याच कामाचा पुढचा भाग. पण खरं काम ओळखण्याचं. त्यात चूक झाली की पुढचं सगळं चुकतं.

आमचं घर बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा आणि दूधविनायक हा सारा पट्टा पेशवाईपासून मराठी माणसांचा. आमच्या बोलण्यात आता बरीच हिंदी आणि थोडी बनारसी मिसळली आहे, पण घरातली भाषा मराठीच. गल्ली अशी की चारचाकी येतच नाही. गिऱ्हाईक मैदागिनला रिक्षातून उतरतं आणि नळी खांद्यावर टाकून चौखंब्याच्या बाजूने चालत येतं. वाड्याच्या खालच्या खोलीत, जिथे आजोबांच्या वेळी वेदपाठी विद्यार्थी राहायचे, तिथे माझं टेबल आहे. चौकात ऊन उतरतं ते दुपारी थोडाच वेळ. नळीची शिवण बघायची असेल तर मी त्या उन्हाची वाट बघतो. ट्यूबलाइटखाली क्रोमचा झगमगाट सगळं लपवतो.

आजोबांकडे तीर्थोपाध्येपण होतं. देशावरून यात्रेकरू यायचे, गाव आणि आडनाव सांगायचे; आजोबा फडताळातून वही काढून त्यांच्या पणजोबांची सही त्यांच्यापुढे ठेवायचे. माझ्याकडे तशीच वही आहे, नळ्यांची. एकाच घरात राहिलेली, पहिल्या मालकाने नवी घेतलेली आणि कागदपत्रं असलेली गाडी मिळाली की तिचा फ्रेम नंबर, इंजिन नंबर, नळीचा बाहेरचा व्यास, पत्र्याची जाडी, सायलेंसरच्या आतल्या जाळीतल्या भोकांची मांडणी, टांगायच्या पत्तीची जागा, सगळं मी उतरवून घेतो. बेंड पाइप खाकी कागदावर आडवा ठेवून त्याचा वळसा पेन्सिलीने काढतो. विकणारा काय सांगतो त्यावर ही वही चालत नाही. ज्या नळीचा सगळा प्रवास मला माहीत आहे तीच वहीत जाते, आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या.

मोजायला मला शिकवलं ते डिझेल रेल्वे इंजिनाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. बनारसचा हा कारखाना १९६१ मध्ये उभा राहिला आणि त्याने शहराला मशीनवरची माणसं दिली. काका संध्याकाळी पंचगंगेवर फिरून येताना आमच्याकडे टेकायचे. मी एखादी नळी हातात घेऊन काही बोलायला लागलो की म्हणायचे, "आधी मोज, मग बोल." व्हर्नियर कसा धरायचा, गोल नळीचा व्यास दोन दिशांनी का घ्यायचा, आटे मोजायची कंगवी बोल्टावर कशी टेकवायची, हे त्यांच्याकडून आलं.

सायलेंसर आधी का जातो हे समजून घेतलं तर ओळखणं निम्मं सोपं होतं. चार स्ट्रोक इंजिनात लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. लांबच्या पल्ल्यावर सायलेंसर तापतो आणि ती वाफ निघून जाते. पण घरापासून बाजारापर्यंत आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीचा सायलेंसर कधी पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून, तळाच्या बाजूने खाल्ला जातो. वरून क्रोम चकचकीत, आणि अंगठा दाबला की भोक. बुलेट आणि जुन्या इंग्रजी गाड्यांचे सायलेंसर असे गेले. जावाचं उलटं. ती दोन स्ट्रोकची; तिच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, लिटरमागे चाळीस मिलीच्या आसपास. ते अर्धवट जळतं आणि सायलेंसरला आतून काळा, तेलकट थर देतं. तो थर पत्र्याला गंजापासून वाचवतो, मात्र हळूहळू जाळी बुजवतो. बुलेटचा सायलेंसर सडतो, जावाचा गुदमरतो. म्हणूनच आज मूळची जोडी सापडलीच तर ती बहुतेक जावाची नाहीतर येझदीची असते.

जावाचं सिलिंडर एक आणि नळ्या दोन, हे नव्या माणसाला पटत नाही. २५० सीसीच्या त्या इंजिनाला धूर बाहेर जाण्याची दोन दारं आहेत, डावं आणि उजवं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र बेंड पाइप आणि स्वतंत्र सायलेंसर. हा सायलेंसर सिगारसारखा, लांब, मागे निमुळता. आधी या गाड्या चेकोस्लोव्हाकियातून यायच्या. १९६१ पासून मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात त्या बनू लागल्या. १९७३ च्या सुमारास करार संपला आणि त्याच कारखान्याची गाडी येझदी नावाने निघू लागली, ती १९९६ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत. म्हणजे जावाची म्हणून जी नळी माझ्यापुढे येते ती चेक असू शकते, मैसूरची सुरुवातीची असू शकते, येझदीच्या काळातली असू शकते, पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या बाजारात बनलेली नक्कल असू शकते, किंवा गेल्या वर्षी बनलेली. २०१८ च्या नोव्हेंबरात जावा हे नाव नव्या गाडीवर परत आलं. त्या चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या गाडीलाही मुद्दाम दोन सायलेंसर दिले आहेत. तेव्हापासून जुन्या जोड्यांची विचारणा वाढली आणि नकलाही वाढल्या.

पुण्याहून एक गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला आले होते. ब्रह्माघाटावर विधी झाला, आणि गुरुजींनी बोलता बोलता माझं नाव काढलं. त्यांनी फोनवर गाडीचे फोटो दाखवले: १९६८ ची मैसूरची जावा, मरून रंगाची, वडिलांनी नवी घेतलेली. "दादा, उजवा सायलेंसर पार खराब आहे. डावा मात्र मूळचा, चकचकीत आहे. उजव्याला डाव्यासारखा जोडीदार मिळेल का?" फोटोवरून मी काही बोललो नाही. जोडी बघितल्याशिवाय बोलणार नाही, एवढंच सांगितलं. वर्षश्राद्धाला ते आईला घेऊन ज्ञानगंगा एक्स्प्रेसने आले, तेव्हा दोन्ही सायलेंसर सतरंजीत गुंडाळून सोबत आणले.

मी पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा काही बघत नाही, वजन बघतो. एका हातात एक, दुसऱ्यात दुसरा. उजवा जड होता, पण त्यावरून काही ठरत नाही. आत कार्बन भरलेला असला की वजन वाढतंच. मग मागचं टोक. या सायलेंसरचं मागचं निमुळतं टोक नट सोडून जाळीसकट बाहेर ओढता येतं, कारण दोन स्ट्रोकची जाळी ठरावीक काळाने साफ करावीच लागते. उजव्याचं टोक पाना लावून, थोडं रॉकेल सोडून, दुसऱ्या दिवशी निघालं. डाव्याचं निघेना. निघणार नव्हतंच. ते टोक चारी बाजूंनी वेल्ड करून बंद केलेलं होतं आणि नट नुसता दिसायला लावलेला होता. ज्याने हा सायलेंसर बनवला त्याने फोटो बघून किंवा गाडी बाहेरून बघून बनवला. तो साफ करायचा असतो हे त्याच्या लेखी नव्हतं.

नक्कल करणारा गिऱ्हाइकाला दिसेल तेवढ्याची नक्कल करतो. गिऱ्हाईक आत बघत नाही, म्हणून आतलं काम कोणी हुबेहूब करत नाही. मी सगळी मेहनत आत बघण्यावर घालवतो ती यामुळे.

उजव्याची जाळी आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकून ठेवली. काही लोक जाळी कोळशाच्या भट्टीत धरून कार्बन जाळतात. लवकर होतं, पण पत्र्यावर खवले धरतात आणि जुन्या खुणा मिटतात, म्हणून मी आगीला हात लावत नाही. काळा थर पापुद्र्यांनी सुटत गेला आणि भोकं उघडी पडली. भिंग लावून एकेक भोक बघितलं. पंचने ठोकून पाडलेल्या भोकाची एक कड गुळगुळीत, आतल्या बाजूला किंचित वळलेली असते. दुसऱ्या बाजूला पत्रा फाटल्याची बारीक धार. ड्रिलने पाडलेल्या भोकाला दोन्हीकडे वेगळीच कड येते, कधी गोल फिरलेला ओरखडा, आणि गोल नळीवर ड्रिल घसरल्यामुळे भोकांची ओळ किंचित हलते. कारखान्याला शेकडो जाळ्या काढायच्या असतात. तो सपाट पत्र्यावर आधी पंच मारतो, मग पत्रा गुंडाळतो. गल्लीतला कारागीर एक-दोन काढतो. तो तयार नळीला ड्रिल लावतो. उजव्याची भोकं सगळी पंचची होती, ओळी सरळ, आणि मांडणी माझ्या वहीतल्या त्याच काळच्या मैसूरच्या जाळीशी जुळली.

मग पत्ती, म्हणजे जिच्यातून सायलेंसर फ्रेमला टांगला जातो ती. बाहेरून सगळ्या सारख्या. पत्तीच्या मागे, जिथे बफिंगचं चाक पोचत नाही, तिथे खरं दिसतं. उजव्याच्या पत्तीला दाबून चिकटवलेले स्पॉट वेल्डचे गोल डाग होते. डाव्याच्या पत्तीला सीओटू वेल्डिंगची टपोरी माळ होती. असलं वेल्डिंग आपल्याकडच्या गल्लीबोळात फार नंतर आलं. १९६८ च्या मोटारसायकलखाली ते असेल तर ते नंतर झालेलं.

उजव्याच्या मधल्या भागात क्रोम पार झिजून खालचं निकल दिसत होतं. क्रोमची चमक निळसर असते, निकलची पिवळसर, उबदार. क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. पत्र्याला खरं झाकतं ते त्याखालचं निकल. पुष्कळ वर्षं फडक्याने पुसली गेलेली नळी अशी होते, आणि त्या गृहस्थांना "खराब" वाटत होतं ते हेच.

आणि तळाला, फूटरेस्टच्या मागे, एक पोचा होता. हाताच्या तळव्याएवढा. मी बोट फिरवत असताना काकू, म्हणजे त्यांच्या आई, ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "खंबाटकीच्या घाटात पडलो होतो आम्ही. पावसात. मी मागे होते. याचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट." मुलाला हे माहीत नव्हतं. तो पोचा बघत उभा राहिला.

"म्हणजे हाच मूळचा?" त्याने विचारलं.

"उजवा मूळचा. डावा नक्कल, आणि बरीच अलीकडची."

त्याला पटायला वेळ लागला. जुनं म्हणजे मूळचं आणि नवं म्हणजे नक्कल, असंही मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. १९७५ मध्ये बाजारात बनलेली नक्कल आज पन्नास वर्षांची आहे. तिच्यावर गंज आहे, कार्बन आहे, नटाखाली दबून चकचकीत झालेलं कडं आहे. या खुणा ती इंजिनाला किती काळ बसलेली होती एवढंच सांगतात. ती कुठून आली ते सांगत नाहीत. गंज दाखवून किंमत सांगणारे पुष्कळ आहेत. मी गंजाकडे पुरावा म्हणून बघत नाही.

नंबरांचंही तसंच. नळीवर इंग्रजी अक्षरं किंवा आकडे कोरलेले दिसले की मालक खूश होतो. कोरणी सोपी असते, म्हणून मी कोरणीचा तळ बघतो. ठसा आधी मारला आणि क्रोम नंतर चढवलं असेल तर क्रोम अक्षराच्या खाचेत उतरतं, कडा मऊ होतात. तयार क्रोमवर ठसा मारला असेल तर कडेला बारीक तडे जातात आणि खाचेत उघडं लोखंड किंवा निकल दिसतं. उलट, मूळच्या कितीतरी नळ्यांवर आज काहीच वाचता येत नाही. पुन्हा क्रोम करण्यापूर्वी त्या चाकावर घासल्या गेल्या आणि अक्षरं त्या धुळीबरोबर गेली. म्हणून कोणी चांगली नळी क्रोमला टाकायला निघालं की मी आधी पत्तीच्या मागचा आणि टोकाजवळचा फोटो काढून घ्यायला सांगतो.

मूळची कशाला म्हणायचं, यावर माझं एक ठाम मत आहे. काही मालक मैसूरच्या गाडीसाठी चेक जोडी मागवतात. तिकडे अजूनही जुन्या जावाचे भाग नव्याने बनतात, काम सुबक असतं, किंमतही तशीच. ती जोडी लावून ते म्हणतात, आता गाडी मूळ रूपात आली. मला ते मान्य नाही. मैसूरच्या गाडीला मैसूरची नळी मूळची. चेक नळी तिच्यासाठी परकी, मग ती खरोखर १९५८ ची का असेना. नळीचं वय आणि देश ही एक गोष्ट, आणि ती या गाडीची आहे का ही दुसरी. लोक पहिल्याला पैसे देतात. मला दुसऱ्याचं उत्तर शोधायचं असतं.

इंग्रजी गाड्यांत हा प्रश्न आणखी गुंततो. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने एम२० ही ५०० सीसीची गाडी सव्वा लाखाच्या वर बनवली. नॉर्टनची १६एच, मॅचलेसची जी३एल, एरियल या गाड्याही सैन्यासाठी मोठ्या संख्येने निघाल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळ डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्याचा जादा माल म्हणून, विकल्या गेल्या. आमच्याकडे येणारा माल बहुतेक पूर्वेकडून, जी.टी. रोडने. पानागढचा डिस्पोजल बाजार आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार ही नावं इथल्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकच्या तोंडी. सैन्याच्या गाडीला चमकणारी नळी चालत नाही; ती रंगवलेली असायची. पन्नासच्या दशकात ती गाडी एखाद्या डॉक्टरने नाहीतर जमीनदाराने घेतली की पहिलं काम व्हायचं क्रोमचं. आज मालक विचारतो, मूळची नळी रंगाची की क्रोमची? मी सांगतो, कारखान्यातून रंगाची निघाली. पण खालची नळी तीच असेल, आणि तिच्यावर घरच्या माणसाने क्रोम करून घेतलं असेल, तर ते खरवडून पुन्हा खाकी फासायला मी तयार नसतो. सैन्यात ती गाडी असेल चार-पाच वर्षं, त्या घरात तिने सत्तर काढली.

या गाड्यांत मला सगळ्यात जास्त मदत होते ती आट्यांची. इंग्रजी मोटारसायकलींवर त्या काळी सायकल थ्रेड फार असायचे, इंचाला २६ आटे. जावा मेट्रिक. पाच सोळांश इंचाचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हातात घेऊन फरक कळत नाही, दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी. पण कंगवी लावली की कळतं: मेट्रिकचे आटे इंचाला वीसच्या आसपास भरतात. बोल्ट कोणीही बदलतो, त्यावर विश्वास ठेवू नये. पत्तीला कायमचा जोडलेला नट मात्र क्वचितच बदलला जातो. एकदा एका एम२० च्या म्हणून आलेल्या सायलेंसरवर पत्तीच्या नटात मेट्रिक आटे निघाले. क्रोम उत्तम, आकार बरोबर, कोरलेली इंग्रजी अक्षरंही होती. ज्याने आणला त्याने विचारलं, "ई असली हौ न, भइया?" मी कंगवी त्याच्या हातात दिली आणि त्यालाच लावून बघायला सांगितलं. मी नाही म्हणण्यापेक्षा त्याने स्वतः बघितलेलं बरं.

बेंड पाइपाची ओळख सायलेंसरहून अवघड, कारण त्यात लपायला आतलं काही नाही. तिथे वळण बघायचं. कारखान्यात नळी वाकवताना आत आधार असतो, त्यामुळे वळणावरही ती गोल राहते. गल्लीत कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून, लाल तापवून वाकवतात. चांगला कारागीर असेल तर बाहेरून फरक कळत नाही. पण वाळूने वाकवलेल्या नळीत बोट घातलं तर वळणाच्या आत खरखर लागते, तापल्यामुळे धरलेले खवले. आणि वळणावर दोन दिशांनी व्यास घेतला की बहुतेक वेळा फरक सापडतो. निळा पडलेला पाइप घेऊन येणारेही पुष्कळ. जुना आहे म्हणून निळा झाला असं त्यांना वाटतं. निळेपणा उष्णतेचा असतो. पेट्रोल कमी जात असेल किंवा टायमिंग मागे असेल तर नवा पाइपही दोन दिवसांत निळा होतो.

पत्र्याबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंच काशीपुऱ्याच्या कसेऱ्यांकडून आलेलं आहे. देवांचे मुखवटे, छत्रं, मंदिरांचे पत्रे ठोकून घडवणारी ही माणसं. पत्र्याचं त्यांचं ज्ञान पुस्तकात नाही. एक उस्ताद नळीवर नुसता अंगठा फिरवतात आणि सांगतात, "ई त पहिलहीं पीटल हौ." आधी ठोकलेली आहे. पोचा काढलेल्या जागी पत्रा ताणला जाऊन पातळ झालेला असतो, त्यांच्या अंगठ्याला ते लागतं. नंतर मी जाडी मोजतो आणि ते बरोबर निघतं. बंद डब्यातला पोचा ते कसा काढतात हे बघण्यासारखं आहे. लांब वाकडी लोखंडी सळई एका टोकाला व्हाइसमध्ये पकडायची, दुसरं टोक सायलेंसरच्या तोंडातून आत, बरोबर पोच्याखाली आणायचं. हातोडा मारायचा तो बाहेरच्या सळईवर, व्हाइसजवळ. सळई थरथरते आणि तिचं आतलं टोक उसळून पत्र्याला खालून ठोका देतं. एकेक ठोका, मध्ये अंगठा फिरवून बघणं, पुन्हा ठोका. घाई केली तर पत्रा बाहेर फुगतो.

पुण्याच्या जोडीचा पोचा काढायचा का, हे मी उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, निघेल. पोच्यामुळे धुराचा मार्ग अडत नव्हता; जाळी त्याच्यापासून दूर होती. माझं मत काढू नये असं होतं, पण गाडी त्यांची. मी मुलाकडे बघितलं, मुलाने आईकडे. काकू म्हणाल्या, "राहू दे. त्याला कशाला हात लावता?"

मग डावा. नक्कल टाकून द्यावी असं मला कधी वाटत नाही; ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याला चांगली नक्कल हवीच, आणि चांगलं काम करणारे कारागीर आहेत. पण ही बंद टोकाची नक्कल जावाला घातकच होती. साफ करता येत नाही म्हटल्यावर ती बुजत जाणार, मग इंजिन तापणार आणि ओढ कमी होणार. उजव्याच्या मापावरून, उलट बाजूने, डावा नवा घडवायचं ठरलं. १८ गेजचा पत्रा, लांबीची शिवण गॅसने, जाळी सपाट पत्र्यावर पंचने मारून मग गुंडाळलेली, टोक नटाने सुटणारं. पत्ती उजव्याच्या आरशातल्या जागेवर. घरच्या एका कृष्णधवल फोटोत गाडी डाव्या बाजूने दिसत होती, साठच्या दशकाच्या शेवटचा, गाडीला हार घातलेला. त्यात सायलेंसरचं टोक मागच्या आसाच्या किती पुढे जातं ते स्पष्ट होतं. त्या फोटोवर मी चाकाचा व्यास धरून प्रमाण काढलं आणि लांबी जुळवली. असा एखादा फोटो मला कधीकधी शंभर बाजारू सल्ल्यांपेक्षा उपयोगी पडतो.

बुलेटवाल्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण दुकानात संख्येने तेच जास्त येतात. १९५५ पासून मद्रासला बनत आलेली ही गाडी; जुनं इंजिन ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० स्ट्रोक. तिचा जुना आवाज खोल आणि सावकाश असतो. आज तरुण मुलं मूळचा सायलेंसर काढून मोठ्या आवाजाचा लावतात आणि मूळचा कबाडात जातो. पुण्यात, इतर शहरांतही, पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेंसर रोलरखाली चिरडले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सायलेंसरसाठी वेगळा १२० वा नियमच आहे. मला कायद्यापेक्षा गल्लीचं जास्त वाटतं. आमच्या गल्लीत दोन भिंतींमध्ये हात पसरले की बोटं टेकतात. तिथे तो आवाज घराघरांत शिरतो, म्हातारी माणसं दचकतात. मी असं काम घेत नाही. उलट त्यांनी काढून टाकलेले मूळचे सायलेंसर कबाड्याकडून उचलून आणतो. सडलेले असले तरी त्यांची जाळी, पत्ती, टोक वहीत उतरवता येतं.

पुण्याच्या जोडीतला नवा डावा निकल आणि क्रोम होऊन आला तेव्हा तो उजव्यापेक्षा जास्त चमकत होता. त्यांनी विचारलं, उजवाही पुन्हा क्रोम करून दोन्ही सारखे करू का? मी नको म्हणालो, आणि कारण सांगितलं: घासणीच्या चाकावर पत्तीच्या मागच्या खुणा आणि उरलेला मूळचा थर दोन्ही जातील. त्यांनी मानलं. बिलावर मी लिहिलं, "उजवा सायलेंसर: मैसूर, मूळचा, जाळी साफ केली, पोचा तसाच. डावा: काशीत नवा घडवला." नव्याच्या पत्तीच्या मागे, क्रोम चढवायच्या आधी, मी सालाचा ठसा मारला होता. माझ्याकडे घडलेल्या प्रत्येक नळीवर तो असतो. उद्या ती गाडी दुसऱ्याच्या हातात गेली आणि त्याने कोणाला दाखवली, तर बघणाऱ्याने पत्ती सोडवून मागे बघावं. साल तिथे सापडेल.